सगुणाबाईला भेटायला आलेली बाई

माझ्या लेकीच्या हळदीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात कांदे चिरत होते आणि देवावर चिडले होते. आमच्या चर्चच्या मंडळीच्या मासिकात असं लिहीत नाहीत, तिथे ‘मन खिन्न झाले होते’ असं लिहायची पद्धत आहे. पण मी खिन्न वगैरे नव्हते, चिडले होते. खाली पार्किंगमध्ये मांडव घातला होता, स्पीकरवर गाणी चालू होती, आणि जिला मी नऊ वर्षं एकटीनं वाढवलं त्या स्नेहलला हळद लावायला पाच सवाष्णी गोळा करून आणल्या होत्या. त्या पाचांत तिची आई नव्हती. आईला कांदे दिले होते.

आम्ही नाशिकरोडचे ख्रिस्ती, पणजोबांपासूनचे. आमच्या घरात पत्रिका बघत नाहीत, मुहूर्त काढत नाहीत, अमावास्येलाही मुलगी बघायला जातात आणि वर त्याचा अभिमान बाळगतात. हळद मात्र राहिली. राहू दे, मला हळदीचं वावडं नाही, हळद लागलेली मुलगी सुंदरच दिसते. पण विधवेनं तिला हात लावायचा नाही, हे कुठल्या पाळकांनी कुठल्या उपदेशात सांगितलं होतं? कुणीच नाही. तरी आमच्या प्रत्येक बाईला ते तोंडपाठ आहे. माझे यजमान गेले तेव्हा कुणी माझ्या बांगड्या फोडल्या नाहीत, आपण ख्रिस्ती ना! फक्त थोरल्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, “आता काढून ठेव, बरं दिसत नाही.” मी काढून ठेवल्या. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक लग्नात माझी जागा स्वयंपाकघरात.

या जाऊबाई महिला मंडळाच्या चिटणीस आहेत. त्याच आठवड्यात बुधवारी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली होती की प्रभू, आम्ही सगळ्या तुझी वधू आहोत, आम्हाला निष्कलंक राख. मी शेजारीच बसले होते, मीही ‘आमेन’ म्हटलं. शुक्रवारी त्याच मला म्हणाल्या, “तू वरच थांब, आल्यागेल्याचं चहापाणी बघ. पोरीच्या भल्याचंच सांगते गं.” म्हणजे बुधवारी वधू आणि शुक्रवारी विधवा. मधल्या एका दिवसात माझा वर कसा काय मेला, एवढं मला त्यांना विचारायचं होतं. स्नेहलही म्हणाली, “आई, तासाभराचा तर प्रश्न आहे. काकू नाराज झाल्या तर उद्या चर्चमध्ये तोंड पाडून बसतील.” तिचाही राग आला. पण तो कुणावर काढणार? नवऱ्या मुलीवर का कुणी ओरडतं?

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी शाळेत मराठी शिकवते आणि मंडळीच्या मासिकात गोष्टी लिहिते. दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी विषय दिला, ‘आपण ख्रिस्ताची वधू’. उपदेश बायकांच्या डोक्यावरून जातात, तुम्ही गोष्टींतून सांगा, म्हणाले. मी तीन गोष्टी लिहिल्या, तीन नायिका रचल्या. पहिली मनोरमा, चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली. प्रत्येक लग्नात ‘आता तुझा नंबर’ ऐकून ऐकून विटलेली. ती एका ईस्टरला पहाटे स्वतःसाठी घेतलेली, आमच्यात नवरी नेसते तशी पांढरी साडी नेसून उपासनेला जाते. दुसरी फिलोमिना. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली. एका माणसानं शब्द मोडला म्हणून प्रभूनं आपल्याला दिलेला शब्द मोडत नाही, हे तिला भांडी घासता घासता उमगतं. या दोन गोष्टी वाचून आमच्या बायका रडल्या. मला फोन आले, कुणी केक पाठवला.

तिसरी सगुणाबाई. ती विधवा आहे आणि लेकीच्या हळदीत तिला बाजूला बसवतात. ती उठते, वाटी घेते आणि सगळ्यांसमोर म्हणते, “माझा वर येशू, तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. मग मी विधवा कशी?” आणि लेकीला हळद लावते. ही गोष्ट मी ‘मी’ म्हणून, सगुणाबाईच्याच तोंडून लिहिली होती. तिच्याबद्दल एकही फोन आला नाही. त्यातून त्या महिन्यात ‘साक्ष’ या सदराला मजकूर मिळाला नव्हता, तर पाळकसाहेबांनी ती तिथेच छापून टाकली, खाली माझं नावही नाही. आमच्याकडे साक्ष म्हणजे माणसानं स्वतःच्या आयुष्यात प्रभूनं काय केलं ते खरंखरं सांगणं. सदर चुकलं म्हणून मी तेव्हा नुसती हसले. एवढ्याशा चुकीनं कुणाचं काय बिघडणार होतं?

तर कांदे निम्मे झाले होते आणि बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई. पायांत रबरी चपला, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. लग्नाची पाहुणी असावी असं वाटून मी आत घेतलं, पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, “जय येशू. हरसूलहून आलीय मी. जीपनं नाशिक, तिथून बस. सगुणाबाई हितंच राहतात ना? साक्ष कोणाची इचारलं तर पाळकसाहेबांनी हाच पत्ता दिला.”

मला आधी कळेचना. मग तिनं पिशवीतून घडी पडून पडून फाटायला आलेलं मासिकाचं पान काढलं.

तिचं नाव जिवीबाई. त्यांच्या गावच्या प्रार्थनेत कुणीतरी ती साक्ष वाचून दाखवली होती. जिवीबाईचा नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला आणि लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. मुलाकडचे देवळाली कॅम्पचे, मंडळीतलेच. आईनं हळदीला हात लावायचा नाही असा त्यांचा निरोप होता. “पर मी ऐकलं की सगुणाबाईनं लावली. म्हटलं, ती लावती तर मी का नाय? देव काय हरसूलला येगळा हाय का? लावली.” पुढचं सांगताना मात्र तिचा आवाज खाली गेला. लेकीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हापासून सासू म्हणते, आईचा हात लागला म्हणून झालं. लेकीला माहेरी पाठवत नाहीत आणि जिवीबाईला त्यांच्या उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

“मला भांडायचं नाय,” जिवीबाई म्हणाली. “एकच इचारायचंय सगुणाबाईला. तिच्या लेकीचं पुढं नीट चाललंय ना? तेवढं कळलं की मी जाते.”

मी गोष्टी लिहिणारी बाई. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. हो हो, छान चाललंय, दोन मुलं आहेत, पुण्याला असतात. किती सोपं होतं ते! जिवीबाई समाधानानं हरसूलला गेली असती, मी उरलेले कांदे चिरले असते. तोंड उघडलं आणि शब्द फुटला नाही. तो का फुटला नाही हे मी आजही सांगू शकत नाही. एरवी खोटं बोलताना माझी जीभ अडखळते अशातला भाग नाही. मी खाली बसले आणि सांगितलं, “सगुणाबाई नाहीत. म्हणजे कधी नव्हत्याच. ती गोष्ट आहे, मी लिहिलेली. चुकून साक्षीच्या पानावर छापली गेली.”

तिनं हातातल्या पानाकडं पाहिलं. मग म्हणाली, “नाय? मंग मी कोणाच्या भरवशावर लावली?”

प्रभूच्या भरवशावर, असं म्हणायला हवं होतं. एखाद्या गोष्टीत मी तसं नक्की लिहिलं असतं. तिच्या तोंडावर ते म्हणायची माझी छाती झाली नाही.

आता ती चिडली आणि तिला चिडायचा पूर्ण हक्क होता. “तुमी लिहिलं ना? मंग तुमाला मालक हायेत?”

“नाहीत. नऊ वर्षं झाली.”

“आन खाली हळद कोणाची?”

“माझ्या लेकीची.”

“तुमी लावली?”

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं कांद्यांच्या ताटाकडं पाहिलं, हळदीचा मागमूस नसलेल्या माझ्या हातांकडं पाहिलं. “लिहिणाऱ्या बाई,” ती म्हणाली, “मला पुढं घातलं आन तुमी चुलीपाशी बसल्या व्हय?”

माझा सगळा राग त्या क्षणी उलटून माझ्याच अंगावर आला. कारण खरं काय होतं ते आता लिहिते, लाज वाटली तरी लिहिते. जाऊबाईंनी अडवलं म्हणून मी स्वयंपाकघरात बसले नव्हते. जाऊबाईंना मी आयुष्यात कधी भ्याले नाही. मी भीत होते माझ्या हाताला. यजमान गेले त्या सकाळी डबा मीच त्यांच्या हातात दिला होता, आणि तासाभरात ते रस्त्यात छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून मनाच्या तळाशी एक घाणेरडा संशय होता, की या बायका म्हणतात त्यात काही असलं तर? स्नेहलला काही झालं तर? मासिकात मी सगुणाबाईकडून मोठमोठी वाक्यं बोलवून घेतली आणि स्वतः मात्र देवाला नऊ वर्षं आतून म्हणत होते की तूच मला अशी केलीस. रोज प्रार्थना करायचे, पण हे त्याला एकदाही तोंडावर बोलले नव्हते.

त्या दिवशी बोलले. ओट्याला धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात त्याच्यावर ओरडले. तू माझा वर म्हणतोस ना? मग मला इथे का बसवलंस? बाळ त्या पोरीचं गेलं, त्यात हिच्या हाताचा काय दोष? बोल की! आकाशवाणी झाली असं मी लिहिणार नाही. एवढंच झालं की जिवीबाई उठली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “चला. मी येते संगं. मी एकटीच कशी उभी राहू?”

वधू म्हणजे मंडळी, सगळ्या मिळून एक, हे मी बुधवारच्या बैठकीत फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. ते मला समजलं हरसूलच्या त्या बाईनं मनगट धरून जिन्यावरून खाली नेलं तेव्हा.

खाली चौथी सवाष्ण हळद लावत होती. आम्हा दोघींना बघून गाणं कुणीतरी बंद केलं, त्यामुळे जाऊबाईंचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. “अगं, हे काय? उद्या काही झालं म्हणजे?”

सगुणाबाईचं वाक्य मला आठवत होतं, पण ते मला बोलावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, “झालं तर मी त्याच्याशी भांडेन, ताई. माझा वर आहे तो, जिवंत आहे. ते आमचं आम्ही बघू.” आणि वाटीत बोटं बुडवली. स्नेहलनं एकदा काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटून गाल पुढे केला. दोन्ही गालांना, कपाळाला, हातांना मी हळद लावली. ती डोळे न उघडता म्हणाली, “आई, मानेला राहिलं.” मानेलाही लावली. मग जिवीबाईला पुढे केलं. ती आधी नको म्हणाली, मग तिनं लावली आणि लावताना मोठ्यानं रडली. तिच्या डोळ्यांपुढे तिचीच लेक होती, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. जाऊबाई जेवायला थांबल्या नाहीत. अजूनही माझ्याशी कामापुरतं बोलतात.

लग्न झाल्यावरच्या आठवड्यात मी जिवीबाईबरोबर देवळाली कॅम्पला गेले. तिच्या विहिणीनं दारातच विचारलं, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, “मी हिची बहीण. मुलीला भेटायला आलोय.” त्यांनी आत घेतलं नाही. आम्ही पायरीवर बसून राहिलो. दुसऱ्या खेपेलाही बसलो. तिसऱ्या खेपेला महिला मंडळातल्या आणखी दोघी आल्या, त्यातली एक तर सवाष्ण. त्या दिवशी लेक बाहेर आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून घटकाभर पडून राहिली. सासू आतून बघत होती. एवढंच झालंय. अजून माहेरी पाठवलेलं नाही. आम्ही जातोय.

जिवीबाईनं सांगितलं होतं, या वेळी खरं घडलेलं लिहा, म्हणून हे लिहिलं. त्या बाईला प्रभूनं माझ्या दारात नेमकी त्याच दुपारी का आणलं, हे मी सिद्ध करायला जात नाही. मी फक्त आभार मानते. शरण जायचं तर आधी राग टाकून, डोळे पुसून, शहाण्यासारखं जावं लागतं असं मला वाटायचं, म्हणून मी नऊ वर्षं गेलेच नाही. त्यानं मला रागासकट घेतलं, कांद्याच्या हातांनी घेतलं. स्नेहल सध्या सुखात आहे, पण तो पुरावा म्हणून सांगत नाही. उद्या तिच्या घरी दुःख आलं तर लोक माझ्या हाताकडं बोट दाखवतील. दाखवू देत. त्या हातानंच मी तिला जवळ घेईन.