माझ्या दाढेला एम.डी.एस.च हवा

पन्नाशीची, चांगली शिकलेली बाई किती मूर्ख असू शकते हे बघायचं असेल, तर नव्वदच्या दशकातली मी बघायला हवी होती.

डावीकडच्या दाढा आधीच गेलेल्या. उजवीकडची एकच धड, आणि तीच ठणकायला लागली. शेजारच्या घरातल्या मुलीनं नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. पाटीवर नाव आणि पुढे बी.डी.एस.

"तिला दाखव की," हे म्हणाले.

"कोण, आपले पेरू चोरायची ती? आणि नुसतं बी.डी.एस.!"

मला डिग्र्यांतलं काय कळत होतं? लेकीसाठी स्थळं बघत होते, तेच माप दाढेला लावलं. मोठी डिग्री, भारी माणूस! कॉलेज रोडच्या एका एम.डी.एस.ची पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. तोवर लवंग दाबून बसले आणि गल्लीभर मिरवत फिरले, "माझी दाढ एम.डी.एस. बघणार!"

तिथे बाकावर सगळी शाळकरी पोरं, दातांना तारा लावलेली. मला वाटलं, मोठा डॉक्टर म्हणजे श्रीमंतांची पोरं असणारच.

"मावशी, तार तुम्हाला लावायचीय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाढ दुखतेय हो!"

"माझं एम.डी.एस. वाकडे दात सरळ करण्यातलं आहे. बी.डी.एस. झाल्यावर तीन वर्षं तेवढंच शिकलो. दाढेचं काम बी.डी.एस. रोज करतात, माझा हात आता त्यात नाही. घराजवळ कुणी नाही का?"

"आहे... भिंतीला भिंत लागून."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

काय सांगणार? मिरवत होते!

त्याच संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन शेजारी गेले. तिनं दाढेचा एक्स-रे फोटो काढला, उजेडात धरून बघितला.

"काकू, आधी आला असतात तर वाचवली असती. आता काढावीच लागेल." मग हातमोजे चढवत म्हणाली, "काढायला बी.डी.एस. चालेल ना?"

बाहेर बसलेले आमचे हे खो खो हसले.

त्या हिवाळ्यात झाडाला पेरू उदंड लागले, टणक आणि गोड. ती आता चोरत नव्हती, उजळ माथ्यानं फाटकातून यायची आणि माझ्यासमोर कचाकचा खायची. मी तिखट-मिठाची वाटी धरून उभी.