दाराआडचं चित्र

रिसोडच्या चहावाल्या काकूंनी त्या दिवशी माझी लाज राखली. इथं सुरतेत रंगांतल्या टर्पेंटाइनचा वास आला, की तेच आठवतं. तिथल्या चित्रकलेच्या कार्यशाळेत जवळच्या केनवडच्या शिवारात उन्हात बसून आम्ही चित्रं काढली आणि रिसोडला प्रदर्शन भरलं. माझी शाळा आठवीत सुटलेली, म्हणून शिकवणाऱ्या सरांनी माझं चित्र दाराआड टांगलं. वर म्हणाले, "चांगलं चित्र कुठूनही दिसतं." काकूंनी मात्र चहा वाटता वाटता सरांचं चित्र दाराआड नेलं नि माझं समोर लावलं. सर ओरडले, तशा त्या म्हणाल्या, "काहून ओरडून राह्यले सर? चांगलं असन त दिसनच ना!" सगळे हसले. सरांचं ते उतरलेलं तोंड मी अजून चवीनं आठवतो. माझं स्वतःचं प्रदर्शन भरेल तेव्हा सरांना मुद्दाम बोलावीन, आणि त्यांच्यासमोर फीत काकूंकडूनच कापून घेईन.