हाड शाबूत, बाकी आनंद

पाय मुरगळला, एवढं सांगायला माणसाला किती वेळ लागावा? दोन शब्दांचं काम! पण ते दोन शब्दांत उरकणारा पेशंट मला उभ्या आयुष्यात भेटला नाही. आधी पायरी कशी निसरडी होती ते येणार. मग ती धुणारी मोलकरीण किती बेफिकीर आहे ते. मग तिला कामावर ठेवणारी वहिनी. पाय येतो सगळ्यात शेवटी. आणि स्वतःच्या चुकीनं पडलेला तर कुणी नसतोच! रोज हे ऐकायचं म्हटल्यावर किश्शांचा ढीग साचणारच. त्यातले काही विसरले, काही चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. उरलेले ऐका.

मी मूळची डोंबिवलीची. पन्नासचं दशक निम्मं सरलेलं तेव्हाची गोष्ट. मुंबईत फिजिओथेरपी नावाचा कोर्स नवा नवा निघालेला, तो मी केलेला, आणि कल्याणला डॉक्टर खासनीसांच्या हाडांच्या दवाखान्यात नोकरीला लागलेले. डॉक्टर प्लास्टर घालायचे आणि काढायचे. त्यानंतर आखडलेला सांधा मोकळा करायचा, ढिला पडलेला स्नायू कामाला लावायचा, हे माझ्याकडे. तिसऱ्या आमच्या द्वारकाबाई, कोपर गावच्या. पाणी तापवणं, पेशंटला धरणं आणि कुणी न विचारता मत देणं, ही खाती त्यांच्याकडे!

*

माझ्या कामाला तेव्हा मराठीत नावच नव्हतं. त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला आमच्या आईला.

एकदा मला बघायला मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मुलगा गप्प, बोलायचं काम सगळं काकांकडे. पोहे संपल्यावर त्यांनी आईला विचारलं, "मुलगी नोकरी करते म्हणे?"

"हो, कल्याणला. दवाखान्यात."

"नर्स आहे?"

"नाही, नर्स नाही."

"मग डॉक्टर?"

"डॉक्टर पण नाही."

काका पुढे सरकून बसले. "मग करते काय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत तिनं तिच्या परीनं सोपं करून सांगितलं, "लोकांना चालायला शिकवते."

काका उठले. उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना चालता येतं!"

आणि खरंच, चांगले झपाझप चालत गेले.

*

दवाखान्यात डॉक्टरांचं आवडतं वाक्य होतं, "हाड शाबूत आहे." हे ऐकून पेशंट खूश होईल असं त्यांना दरवेळी वाटायचं. दरवेळी उलट व्हायचं!

एका शाळेचे हेडमास्तर घोटा मुरगळून आलेले. घोटा दुधी भोपळ्यासारखा सुजलेला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, प्लेट उजेडात धरली आणि म्हणाले, "अभिनंदन! हाड शाबूत आहे."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. "नीट बघा हो. थोडं तरी तुटलं असेल."

"काही तुटलेलं नाही. लिगामेंटला मार बसलाय. तीन आठवडे तरी सांभाळायला हवं."

"ते कुठे दिसतंय यात?"

"ते एक्स-रेत दिसत नाही."

हेडमास्तर खवळले. "म्हणजे जे दिसतंय ते चांगलं आहे आणि जे दिसत नाही त्यासाठी मी घरी बसू? मी शाळेत निरोप धाडलाय पाय मोडला म्हणून! आता पट्टी बांधून गेलो तर मुलं काय म्हणतील?"

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. हाड मोडलं तर कळतं तरी. लिगामेंटला मार बसला की माणूस चार दिवसांत चालायला लागतो, परत मुरगळतो, आणि मग ती खोड जन्माची लागते. हेडमास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते सगळं पटलं. पण वरून थोडं प्लास्टर लावता नाही का येणार? नुसतं पुढच्या बाजूनं?"

*

लिगामेंट म्हणजे काय हे सांगायला डॉक्टरांनी मग एक दाखला शोधून काढला. "असं बघा, हाडं म्हणजे बांबू, आणि दोन बांबू जिथे बांधलेत तिथला सुंभ म्हणजे लिगामेंट. बांबू धड आहे, पण सुंभ उकलला. काय होईल?"

सगळ्यांना पटायचं. डॉक्टरही खूश असायचे. मग एक दिवस मांडवाचं कंत्राट घेणारा माणूस गुडघा घेऊन आला. डॉक्टरांनी बांबू सांगितला, सुंभ सांगितला.

त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सुंभ उकलला तर आम्ही तो कापून टाकतो आणि नवा बांधतो. तो आपोआप बरा होईल म्हणून मांडवाखाली बसून राहिलो, तर नवरानवरीच्या डोक्यात बांबू पडतील!"

त्या दिवसापासून बांबू बंद झाला.

*

आमच्याकडे यायच्या आधी प्रत्येक सांधा आणखी चार ठिकाणी जाऊन आलेला असायचा. शेजारी, सासुरवाडी, वाणी आणि रस्त्यात भेटलेला कुणीही. ताजा मुरगळलेला पाय चोळायचा नसतो, त्यानं सूज वाढते, हे सांगून माझा घसा बसायचा. पण लोकांना वाटायचं, ही नवी पोरगी, हिला चोळायचा कंटाळा!

एक बाई आल्या, आगगाडीतून उतरताना गुडघा पिरगळलेला. पातळ जरा वर केलं तर गुडघा दिसेचना. सगळ्यात वर चुना आणि गूळ, वाळून दगडासारखा झालेला. त्याच्याखाली आंबेहळद. त्याच्याखाली रक्तबोळ. त्याच्याखाली काहीतरी काळं, ते काय होतं हे त्यांनाही आठवेना.

"हे सगळं एकावर एक का लावलंत?" मी विचारलं.

"आधीचं काढलं असतं तर ज्यांनी सांगितलं त्यांना वाईट वाटलं असतं," बाई म्हणाल्या.

द्वारकाबाई गरम पाणी घेऊन बसल्या. एक पातेलं संपलं, दुसरं संपलं. बाहेर रांग वाढायला लागली. डॉक्टरांनी आतून हाक मारून विचारलं, "काय झालं? एवढा वेळ का?"

आणि द्वारकाबाईंचा आवाज सगळ्या दवाखान्यात घुमला, "गावला! डॉक्टर, गावला एकदाचा गुडगा!"

*

माझ्याकडे शेकायचा एक दिवा होता. लालभडक उजेडाचा. व्यायामावर कुणाचा विश्वास नव्हता, दिव्यावर मात्र सगळ्यांची श्रद्धा! दहा मिनिटं दिव्याखाली बसायला माणसं कुठून कुठून यायची, आणि हात वर करायला सांगितला की त्यांना गाडीची वेळ आठवायची.

खडवलीचे एक आजोबा खांद्यासाठी यायचे. एकदा ते आले आणि कल्याणची वीज गेलेली. मी म्हटलं, "आजोबा, आज दिवा नाही. आज नुसता व्यायाम करू."

आजोबा खुर्ची ओढून विझलेल्या दिव्याखाली बसले. सदरा काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बंद असला तरी चालेल, पोरी. मी खडवलीहून आलोय!"

*

बाळाराम डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावातला. हुतूतू खेळायचा. पायात कुणीतरी पकड घातली, आणि गुडघा आत वळला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. ते निघालं तेव्हा त्याची मांडी वाळून काठीसारखी झालेली. आणि पंचाईत अशी की त्याला एका कारखान्यात नोकरी मिळालेली, फक्त डॉक्टरी तपासणी व्हायची बाकी. तिथे उठाबशा काढायला लावणार हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. वडील पूर्वी मिठागरावर होते, आता थकलेले.

"बाय, हुतूतू गेला तरी चालंल," तो म्हणाला. "नोकरी जायला नको."

मी त्याला सांगितलं, खुर्चीत बसायचं, पावलाला वजनाची पिशवी बांधायची आणि गुडघा हळूहळू सरळ करायचा. रोज. वजन म्हणून त्यानं घरात होतं ते मीठ भरलं.

पहिल्या आठवड्यात पिशवी उचलताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, बरं वाटतंय. पुढे तर हसत हसत सांगायला लागला, "बाय, आता ती पिशवी पायाला हाय का नाय तेच कळत नाय!"

मीही हुरळले! डॉक्टरांना सांगितलं, असा पेशंट पाहिला नाही. पण फीत लावून मांडी मोजली, तर घेर जिथल्या तिथे. मला काही उमगेना. शेवटी म्हटलं, उद्या येताना पिशवी घेऊन ये.

तो आला, बरोबर त्याची आई. पिशवी हातात घेतली तर चिमणीएवढी हलकी!

"अरे, यातलं मीठ कुठे गेलं?"

बाळारामनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बांगरं खारवली ना मी. समोरच व्हता, तो घेतला."

बांगडे खारवायला आई रोज मूठ मूठ काढत होती, आणि आमचा गडी रोज ताकदवान होत होता!

बाळाराम आईवर चिडला. दोन दिवस माझ्याशीही धड बोलला नाही. वेळ थोडा राहिलेला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी आला तो गच्च भरलेली पिशवी घेऊन. दाणकन टेबलावर ठेवली.

"काय भरलंस?"

"रेती," तो म्हणाला. "आता आय काय खारवते ते बघतो!"

तपासणीला तो पास झाला. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी दवाखान्याच्या मधोमध त्यानं उठाबशा काढून दाखवल्या. डॉक्टर नको नको म्हणत होते. द्वारकाबाई मोठ्यानं मोजत होत्या.

*

एकदा खुद्द डॉक्टर टांग्यातून उतरताना पडले. घोटा मुरगळला. एक्स-रे काढला. हाड शाबूत! पण स्वतःच्या बाबतीत ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही.

सगळ्या कल्याणला पाय वर ठेवून पडायला सांगणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात हजर! एका पायावर उड्या मारत पेशंट तपासताहेत. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हीच सांगता ना, विश्रांती घ्या म्हणून?"

"ते लोकांना सांगायचं असतं. मला कामं आहेत."

जरा जवळ गेले तर आंबेहळदीचा भपकारा आला. डॉक्टरांनी पायावर मोजा ओढला आणि हळूच म्हणाले, "आई ऐकत नाही हो."

तेवढ्यात पहिला पेशंट आत आला. नाक वर करून हुंगत म्हणाला, "डॉक्टर, इथे आंबेहळद लावून कोण आलंय?"

डॉक्टर कडाडले, "असतात काही अडाणी लोक!"

*

आता शेवटची. सुमतीबाई कल्याणच्याच. तिशीच्या आतबाहेर. घरात नवरा, दोन मुलं, सासू आणि येणाजाणाऱ्यांचा राबता. फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून पडल्या आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं. प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा लाकडासारखा ताठ. वाकेचना. चुलीपुढे बसणं तर दूरच, पाटावरही बसता येईना.

पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर रडल्या. "आता हे असंच राहणार का हो? मी कधी खालीच बसू शकणार नाही?"

मी म्हटलं, "बसाल. पण दुखेल, आणि रोज यावं लागेल."

त्या रोज आल्या. ओठ दाबून सगळं केलं. गुडघा बोटाबोटानं वाकायला लागला. शेवटी एक दिवस त्या मांडी घालून बसल्या आणि हात न टेकता उठल्या! मी टाळ्या वाजवल्या. द्वारकाबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सुमतीबाई हसल्या, पदर सारखा केला, ताठ चालत दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याशी थांबल्या. आणि तिथून लंगडत रस्त्याला लागल्या!

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "घरी अजून लंगडता?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दुपारी आडवी होतेय हो मी. पेपर वाचते. सगळा स्वयंपाक सासूबाई करतात. अजून थोडे दिवस."

मी म्हटलं, "या. व्यायाम चालू ठेवू."

चारआठ दिवसांनी दुपारी सासूबाई आल्या. एकट्या. नऊवारी, हातात छत्री, चेहरा करडा. मी खुर्ची पुढे केली. खुर्चीत बसल्या, इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्हीच का त्या? माझी सून येते तुमच्याकडे."

"हो."

"तिचा गुडघा बरा झालाय."

आतल्या खोलीत डॉक्टरांचा लिहिता टाक थांबला.

"परवा पाऊस आला तेव्हा गच्चीवरून पापड घेऊन धावत खाली आली. मी पाहिलं."

"अहो, मी..."

"ऐका आधी. ती आली तेव्हा मी तिच्या हाती स्वयंपाकघर दिलं. चांगली करते, नाव ठेवायला जागा नाही. पण मला कुणी विचारेना. भाजी काय करू, कुणी विचारेना. जपमाळ हातात दिली आणि कोपऱ्यात बसवलं. आता परत सकाळी मुलगा विचारतो, आई, आज काय? नातू म्हणतो, आजीची आमटी."

त्यांनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली.

"तेव्हा तुम्ही तिला सांगा, अजून महिनाभर तरी जपायला हवं. मी आले होते हे सांगू नका."

"बरं," मी म्हटलं.

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि एवढं मात्र तिला समजवा. दुखरा पाय उजवा आहे. काल दिवसभर डाव्यानं लंगडत होती!"