पंच क्रमांक दोन

अमेरिकेचा इतिहास माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, जितका मनाला लावून घेतला, तितका खुद्द अमेरिकेतही कुणी घेतला नसेल. भूमापन खात्यात आयुष्यभर शेतं मोजून ते निवृत्त झाले आणि सासूबाई गेल्यावर, ऐंशीच्या दशकात, आमच्याकडे अमेरिकेत, एडिसनला राहायला आले. महिनाभर त्यांनी आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग पावलांनी मोजलं. मग एका सकाळी टाय आणि कानटोपी घालून बसने कम्युनिटी कॉलेजात गेले आणि अमेरिकेचा इतिहास व पाश्चात्त्य तत्त्वज्ञान अशा दोन वर्गांत नाव घालून आले. हजेरीला ते ताठ उभे राहून “प्रेझेंट, मॅडम” म्हणत. विशीतली पोरं आधी हसली. दुसऱ्या महिन्यात त्यांतली दोन-तीन स्वतःच उभी राहू लागली.

आप्पांना जगातली प्रत्येक गोष्ट मोजणीसारखी दिसे. लगतच्या खातेदारांना आधी नोटीस हवी, जागेवर पंचनामा हवा आणि त्यावर समक्ष हजर असलेल्या दोन पंचांच्या सह्या हव्यात. बाकी सगळं त्यांच्या लेखी अफवा. मूळ रहिवाशांच्या जमिनी गोऱ्यांनी कशा घेतल्या हा धडा सुरू होताच त्यांनी हात वर केला : “मॅडम, लगतच्यांना नोटीस गेली होती?” प्रोफेसरबाईंनी फळ्यावर ‘नो नोटीस’ असं लिहिलं म्हणे. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. “सुधा, अगं एवढा मोठा देश, आणि पंचनामा नाही!” असं माझ्या बायकोला सारखं सांगत बसले. ग्रीक तत्त्वज्ञाला विष दिल्याचं वाचून तर ते संतापलेच. “एवढी शहाणी माणसं जमली, आणि एकालाही अपिलाची तरतूद सुचली नाही?”

हे सगळं मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. आम्ही इथल्या मराठी मंडळातली इंजिनिअर माणसं. इतिहास हा आमच्या मते मार्क कमी पडलेल्यांचा विषय. मंडळाच्या एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी विचारलं, “काय आप्पा, कॉलेज जॉइन केलंत? काय करताय?” त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “कॉम्प्युटर करतायत.” आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि श्रीखंडाची वाटी पुन्हा जवळ ओढली. पुढे लोक त्यांना फोन करून कोणता कॉम्प्युटर घेऊ, असं विचारू लागले. ते गंभीरपणे सांगत, “घाई नको. सहा महिने थांबा.” सहा महिन्यांत भाव उतरले आणि त्यांचं नाव झालं. पण त्यांनी मला कधी उघडं पाडलं नाही.

सत्र संपताना त्यांचा निबंध कॉलेजच्या लायब्ररीत सर्वांसमोर वाचायला निवडला गेला. विषय अर्थात लगतच्या खातेदारांचा. “जावईबापू, शुक्रवारी दोन वाजता,” ते म्हणाले. “एक पंच सुधा, दुसरे तुम्ही.”

“मीटिंग आहे हो, आप्पा.”

मीटिंग नव्हती. मंडळातल्या कुणाचं पोर तिथे असेल आणि माझं खोटं घरोघर पोचेल, एवढीच भीती होती. मी ऑफिसात बसून जुन्या फाइली चाळल्या. सुधाने नंतर सांगितलं, आप्पांनी तिच्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली होती आणि “पंच यायचे आहेत” म्हणून प्रोफेसरबाईंना दहा मिनिटं थांबवलं होतं. संध्याकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, “मीटिंग नीट झाली ना?”

ते गेल्यावर त्यांच्या वहीत त्या दिवसाचा पंचनामा सापडला. सदर इसमाने निबंध वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं सरकारी मराठीत सगळं नोंदलेलं. पंच क्रमांक एकपुढे सुधाची सही. पंच क्रमांक दोनपुढे माझं पूर्ण नाव, आणि कोरी जागा.

आता सुधाही नाही. परवा पेन काढून मी त्या जागेपाशी बराच वेळ बसलो. पण जे समक्ष पाहिलं नाही, त्यावर पंचाने सही करू नये, ही आप्पांचीच शिकवण. म्हणून जागा तशीच ठेवली आहे आणि जे खात्रीने ठाऊक आहे, तेवढं इथे लिहून देतो : माझे सासरे कॉम्प्युटर शिकत नव्हते. ते इतिहास शिकत होते आणि मी हजर नव्हतो.