चौथ्या विहिरीवरचा साबण

गंगाधर सरांची माझी ओळख त्यांच्या ओरडण्यातून झाली. कळमनुरीला अकरावीत त्यांनी माझी वही वर्गासमोर धरली आणि विचारलं, "आकृती झकास हाय. समजली का पण?" समजली नव्हती. गुण मात्र पैकीच्या पैकी मिळाले.

रेबीजसारख्या विषाणूला चरबीचं पातळ आवरण असतं, पेशीलाही असतं. आकृतीतला विषाणू दार फोडत नव्हता, पेशीच त्याला गिळत होती. आतल्या आंबटपणात त्याच्या काट्यांचा आकार बदलतो, ते दोन्ही आवरणं जवळ ओढतात आणि वरणावरचे तेलाचे दोन थेंब मिसळावेत तशी ती एक होतात. मग विषाणूचा ऐवज पेशीत मोकळा. सर हे जीव तोडून शिकवत, आम्ही पाठ करत असू.

तीन वर्षांपूर्वी सासरगावी, डोंगरकड्याला, माझ्या लेकीला पिसाळलेलं कुत्रं चावलं. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, आणि सासूबाईंच्या शब्दाखातर जखमेत तिखट भरून, विष उतरावं म्हणून पोरीला सात विहिरींत डोकावायला घेऊन निघाले! आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. चौथी विहीर सरांच्या शेतातली. निवृत्त झालेले सर तिथं मोटार लावायला आले होते.

"काहून आणलं लेकराला हितं?"

मी सांगितलं. सरांनी सोबत आलेल्या सासऱ्यांदेखत मला झाडलं. हातपाय धुवायची साबणाची वडी घेऊन ते मोटारीच्या धारेखाली पंधरा मिनिटं जखम धूत बसले.

"चरबीचं आवरण साबणानं फाटतं. आवरणच न्हाई तर मिसळंल कशानं? एकदा का नसंत घुसला, मंग डॉक्टरबी काही करू शकत न्हाई. चल दवाखान्यात!"

जीप त्यांनीच थांबवली. लसीच्या प्रत्येक तारखेला ते दवाखान्याच्या दारात माझ्याआधी हजर असत.

आणि गाव काय म्हणालं? विहिरींनी पोरगी वाचवली! तीनच पाहिल्या होत्या तिनं. सर ग्रामसभेत कुत्रं चावल्यावर काय करावं ते सांगायला उठले, तर माइक बंद केला. माइक बंद करणारेच आज सरांच्या या गौरवग्रंथाच्या समितीत आहेत आणि मला म्हणतात, "बाई, विहिरीचं गाळा, गावाची बदनामी व्हती." गाळणार नाही.

पंचाहत्तरीच्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे मनापासून मागते आणि मागताना लाजही वाटते. गेल्या वर्षी गावातलं एक लेकरू सातही विहिरी पाहून आलं आणि महिन्याभरानं गेलं. कुत्रं चावलं त्या दिवशी सर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नांदेडला होते. आम्ही सगळे गावातच होतो.