पिन काढायला लावणारी नीलांबरी

नीलांबरीचा पहिल्या दिवशी मला राग आला होता, ते आधीच सांगून टाकतो. वसमतची मुलगी. वडील देवळात पूजा करतात. पोरगी बँकेत लागेल अशी त्यांची आशा, तर ही पुण्याला जाऊन सर्व्हर सांभाळायचं काम शिकली आणि तिथलं सोडून परत आली. आता पाठीला बॅग अडकवून एसटीने फिरते, दुकानांत अन् कारखान्यांत मशीन लावून देते. बोलणं मोजकं, आणि जे बोलते ते बहुतेक "नाही" असतं.

मी उद्धव, कुरुंद्याच्या आमच्या शेतकरी हळद कंपनीचा हिशेबनीस. यंदा बाहेरच्या खरेदीदाराने सांगितलं, ज्याची हळद चोख त्याला जास्त भाव देतो, पण कोणता कट्टा, म्हणजे हळदीचं पोतं, कुणाचा ते शेवटपर्यंत दाखवा. त्यासाठी वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत सगळ्या नोंदी एका जागी हव्यात. म्हणून डेटाबेस सर्व्हर, आणि सर्व्हरसाठी नीलांबरी.

तिने आमच्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं. मग काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, आणि माझा चहा निवायच्या आत पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस बसलासुद्धा. मी म्हणालो, "झालं? एवढ्यासाठी तुम्हाला बोलावलं?"

"सामान घरात आलंय, उद्धवभाऊ. संसार लावायचा राहिलाय."

तो लावताना तिने माझा जीव खाल्ला. नवा सर्व्हर आधी स्वतःशिवाय कुणाचं ऐकतच नव्हता. तिने फक्त काट्याजवळच्या आणि माझ्या मशीनला वाट दिली, बाकी जगाला दार बंद. मला नोंद घालायचा हक्क, पुसायचा नाही. माझ्याच ऑफिसात! रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाईल अशी सोय केली, आणि ती प्रत उलटी भरून सगळं जसंच्या तसं येतं का तेही पाहिलं. एक कट्टा नोंदवला की "नोंद झाली" यायला पळभर वेळ लागायचा. हे जलद करता येतं असं मी कुठंतरी ऐकलं होतं, ते सुनावलं.

"येतं," ती म्हणाली. "मग डिस्कवर उतरायच्या आधीच ते 'झाली' म्हणेल. खोटं बोलणारं मशीन मी बसवत नाही."

आता सखुबाईंचं सांगतो. गावात हळद शिजवावी, वाळवावी तर त्यांनीच. गेल्या हंगामात आमचा कॉम्प्युटर विजेच्या झटक्याने गेला, नोंदी गेल्या, आणि त्यांचे कट्टे सगळ्यांच्या ढिगात मिसळले. त्यांच्या सोन्यासारख्या हळदीला कुणाचंच नाव उरलं नाही. भावापेक्षा तेच त्यांना जास्त लागलं. यंदा त्या फिरल्या असत्या, तर त्यांच्या गटातल्या सगळ्या बायका आपली हळद घेऊन वसमतच्या अडतीला गेल्या असत्या, आणि कंपनी आटोपली असती.

तोलाईच्या दिवशी सखुबाई दारातच उभ्या राहिल्या. "माजे कट्टे मी उतरवणार न्हाई. लाईट गेली की तुमचं डबडं मरतंय."

मी समजूत घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात नीलांबरी म्हणाली, "मावशी, तुम्हीच मारून बघा. ही मशीनची पिन. वाटेल तेव्हा ओढा."

प्रत्येक ठिकाणी ती असंच करते म्हणे. मला आधी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी रजाच टाकली असती.

मापाडी वसरामने एक कट्टा काट्यावर चढवला. मी वजन घातलं, बटणावर बोट ठेवतोय तोच सखुबाईंनी पिन ओढली. मशीन परत चालू केलं, यादी उघडली. कट्टा नाहीच!

"पहा! म्या काय म्हनत होते?" सखुबाई वळल्या. "गेलं न्हवं?"

"जायलाच पाहिजे," नीलांबरीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "'नोंद झाली' आलं होतं का? वसरामभाऊंनी वजनाचा आवाज दिल्याशिवाय तुम्ही कट्टा ढिगावर जाऊ देता?"

वसराम हसला. "ही बाई? आवाज द्यायच्या आधी कट्ट्याला हात लावला तर हमालाचा हात मोडंल."

"मशीनचंही तसंच. अर्धं काम ते ठेवत नाही. पण एकदा 'झाली' म्हणालं की मग सोडत नाही. आता त्यानंतर ओढा."

सखुबाईंनी पिन परत मुठीत धरली. वसरामने वजन पुकारलं, मी घातलं, थांबलो. "नोंद झाली" आलं आणि त्याच क्षणी त्यांनी असा हिसका दिला की बोर्डच भिंतीतून सुटायचा. मी देवाचं नाव घेतलं. खोटं कशाला बोलू, घेतलंच. नीलांबरी मात्र निवांत केस बांधत होती.

मशीन सुरू झालं. यादी उघडली. पहिलीच ओळ.

सखुबाई पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. एकेक अक्षर लावत त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, परत वाचलं, आणि त्यांचे डोळे भरले.

"माजी हळद यंदा माज्या नावानं ऱ्हायली गं लेकरा," त्या नीलांबरीला म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून खणखणीत हाक दिली, "बायांनो, उतरवा कट्टे!"