चाळीस सेकंदांचा सूर

डेलबर्ट वेन्झलने नदीकाठच्या कागद गिरणीत एकोणचाळीस वर्षं काढली. यंत्रावर कागद तुटला की धावायचं, हात भाजले तरी तो पुन्हा चढवायचा. कामात अंग चोरणारा माणूस त्याला लांबूनच ओळखू यायचा. आपण कधी अंग चोरलं नाही, असं तो मानत होता.

गिरणीखेरीज त्याच्या आयुष्यात एकच गोष्ट होती : गावचं ढोल-बिगुल पथक. सतराव्या वर्षी त्यात शिरला तो बहात्तराव्या वर्षीही जाडजूड, खर्जाच्या आवाजाचं बॅरिटोन बिगुल धरून उभा होता.

एकविसाव्या वर्षी त्याने पथकासाठी एक गाणं बसवलं. त्या उन्हाळ्यात ते गाणं रेडिओवर सारखं लागायचं. गाणारी बाई मध्येच एक सूर लांबवायची. डेलबर्टने तो चाळीस सेकंदांचा केला. एका माणसाच्या छातीला तेवढं झेपत नाही, म्हणून तो दोघांना वाटून दिला. दोघांनी तोच सूर धरायचा, प्रत्येकाने दोनदा श्वास घ्यायचा, पण एकाच वेळी कधीच नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, छाती एकच आहे. दुसरा माणूस ऑरिन मार्ट्झ. तोही गिरणीतलाच. तेव्हापासून दर जुलैत गावच्या मैदानावर भरणाऱ्या अग्निशमन दलाच्या सहलीत कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने व्हायचा.

मार्चमध्ये ऑरिन गेला. डेलबर्टने शवपेटीचा पुढचा डावा कोपरा उचलला. कड्या हलक्या होत्या, नुसता पितळेचा मुलामा. एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. घरी येऊन त्याने दारातला बर्फ उपसला. रडू येईल म्हणून स्वयंपाकघरात बसून राहिला. आलं नाही. मग शेजाऱ्याच्या दारातलाही बर्फ उपसला.

ऑरिनच्या जागी रोंडा आली. शाळेची बस चालवणारी, पंचेचाळिशीची बाई. डेलबर्टने तिला दोन जागा सांगितल्या, ऑरिन जिथे श्वास घ्यायचा त्या. शाळेच्या पटांगणात सराव सुरू झाला आणि त्या सुरात दोन ठिकाणी भोकं पडली.

"पुन्हा!" पथक चालवणारी ग्वेन ओरडली. पुन्हा तेच.

"ही चुकीच्या जागी थांबते," डेलबर्ट म्हणाला.

"मी तुम्ही सांगितलं तिथेच थांबते," रोंडा म्हणाली. "तुम्हीही तिथेच थांबता. दोनदा म्हणालात, पण थांबता चारदा."

"मी दोनदाच थांबतो. पन्नास वर्षं झाली, दोनदाच."

"पन्नास वर्षांपूर्वी तुला केसही होते की रे, डेल!" ढोलवाल्यांतून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

ग्वेन हसली नाही. "शनिवारपर्यंत भोकं बुजली नाहीत, तर रविवारी सहलीत हे गाणं वाजणार नाही. लोकांपुढे फाटकं नेणार नाही मी."

त्या संध्याकाळी डेलबर्ट ऑरिनच्या बायकोकडे, लोरेनकडे, गेला. ऑरिनचा स्वरलिपीचा कागद त्याला रोंडापुढे ठेवायचा होता. पुरावा म्हणून. लोरेनने फाइल काढून दिली, कॉफी आणि ॲपल पायचा तुकडा पुढे ठेवला.

कागदावर ऑरिनच्या श्वासाच्या दोन खुणा होत्या, निळ्या शाईतल्या. दोन्ही खोडलेल्या. पेन्सिलीने त्या पुढे सरकवल्या होत्या. पहिल्या खोडलेल्या जागी लिहिलं होतं : 'इथे डेल थांबतो. जोर लाव.' दुसऱ्या जागीही तेच, पण नंतर कधीतरी, वेगळ्या पेन्सिलीने.

"हे कधीचं?" डेलबर्टने विचारलं.

"पहिलं तू गिरणी सोडलीस त्या सालचं. दुसरं पाचेक वर्षांपूर्वीचं. तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"कार्यक्रम झाला की ओठ सुजलेले असायचे त्याचे. तासभर बोलायचा नाही. मी म्हणायची, अरे, त्याला सांग की. तर म्हणायचा, सांगितलं तर तो बिगुल खाली ठेवेल."

डेलबर्टला काहीतरी वाटायला हवं होतं. गिरणीतले जाड हातमोजे घालून एखादी वस्तू चाचपावी, तसं झालं. वस्तू आहे, एवढंच कळत होतं. त्याने बशीतला तुकडा संपवला, बशी धुतली आणि कागद घेऊन निघाला.

तीन दिवस तो गॅरेजमध्ये घड्याळ समोर ठेवून वाजवत राहिला. दोन श्वासांत जमवायचंच म्हणून. पहिल्या दिवशी अकरा वेळा, दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी ओठ फुटला. नवव्या सेकंदाला दम तुटायचा, एकदाही दहावा गाठला नाही. मग त्याने कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि नव्याने सगळं उतरवलं. स्वतःच्या नावापुढे चार खुणा केल्या.

शनिवारी कागद रोंडाच्या हातात दिला. "चूक माझी होती. मी चार ठिकाणी थांबतो. तू तिथे थांबायचं नाहीस. तुझ्या जागा या दोन, पुढे सरकवलेल्या."

"तुम्हाला चार आणि मला दोन? हा कुठला न्याय?"

"न्याय नाही. मी अंग चोरतोय. कुणालाही सांग."

रोंडाने कागद नीट पाहिला. "मी रोज साठ पोरांवर ओरडत बस चालवते," ती म्हणाली. "माझी छाती मोठी आहे. चला, वाजवू."

दोनदा वाजवून झाल्यावर ग्वेन फक्त म्हणाली, "ठीक."

रविवारी ऊन होतं. भाजलेल्या सॉसेजचा धूर मैदानावर पसरला होता. लोरेन तिसऱ्या रांगेत होती, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून. गाणं मधल्या सुरावर आलं. डेलबर्ट पहिल्या खुणेला थांबला. आजवर थांबला की तो फक्त पुढचा श्वास मोजायचा. या वेळी बिगुल ओठांपासून बोटभर दूर धरून त्याने ऐकलं. सूर चालूच होता. सरळ, कुठेही न हलता.

त्याने श्वास भरला आणि सुरात शिरला. पुढच्या तिन्ही खुणांवरही तो लिहिल्याप्रमाणेच थांबला.